युरोपात नोकरी गेली की सरकार नक्की काय करतं?

तुम्ही विचारलंय की युरोपात बेरोजगारांना सरकार घरबसल्या पैसे देतं म्हणतात, मग लोक परत कामाला जातात तरी कशाला, सरकार त्यांना कामाला लावायला काही करतं की नुसते पैसे वाटतं, आणि कुठल्या देशाचं मॉडेल सगळ्यात भारी. शिवाय भाऊ म्युनिकला आयटीत आहे, त्याचा लेऑफ झाला तर काय करायचं तेही. मी जर्मनीत बरीच वर्षं याच क्षेत्रात आहे, जॉबसेंटर, म्हणजे बेरोजगारांना किमान आधार देणारं सरकारी कार्यालय, ज्यांना पाठवतं त्यांना परत कामापर्यंत नेणाऱ्या एका संस्थेत कोच म्हणून काम करते. त्यामुळे जर्मनीचं आतून माहितीय, बाकीच्या देशांचं कामाच्या निमित्ताने वाचून आणि तिथे हेच काम करणाऱ्यांशी बोलून. उत्तर मोठं होणारे, सवडीने वाचा.

आधी ते "घरबसल्या पैसे" डोक्यातून काढा. पैसे दोन प्रकारचे असतात आणि लोक त्यांची कायम गल्लत करतात. एक म्हणजे विमा. जर्मनीत दर महिन्याच्या पगारातून बेरोजगारी विम्याचा २.६ टक्के हप्ता जातो, निम्मा तुमचा निम्मा कंपनीचा, आणि नोकरी गेली की त्यातून साधारण नेट पगाराच्या ६० टक्के मिळतात, मूल असेल तर ६७ टक्के, तेही बहुतेकांना जास्तीत जास्त १ वर्ष, वय ५८ च्या पुढे आणि पुरेशी वर्षं हप्ता भरलेला असेल तर २ वर्षांपर्यंत. हे तुम्ही स्वतः भरलेले पैसे, उपकार नाहीत. दुसरा प्रकार म्हणजे किमान आधार, ज्यांचा विमा संपला किंवा कधी लागूच झाला नाही त्यांच्यासाठी, टॅक्समधून दिलेला, आणि त्यासाठी तुमची बचत, घरातल्या बाकीच्यांची कमाई, सगळं तपासतात. २०२४ मध्ये एकट्या माणसाला महिन्याला ५६३ युरो, भाडं आणि हीटिंग वेगळं. त्या ५६३ मध्ये खाणं, कपडे, वीज, मोबाईल, बसचा पास सगळं बसवायचं. माझ्याकडे येणारे लोक महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात काय खातात ते मला माहितीय, त्यामुळे "ऐश करतात" असं कोणी म्हटलं की मला खरंच राग येतो.

आता कामाला लावण्याचं. यातली सगळ्यात जुनी आणि माझ्या मते सगळ्यात शहाणी कल्पना स्वीडनची. १९५१ मध्ये तिथल्या कामगार संघटनांच्या महासंघात काम करणाऱ्या योस्टा रेन आणि रुडॉल्फ माइडनर या दोन अर्थतज्ज्ञांनी मांडलं की सारख्या कामाला सगळीकडे सारखा पगार ठेवायचा, ज्या कंपनीला तो परवडत नाही ती बंद पडू द्यायची, पण तिथला कामगार मात्र पडू द्यायचा नाही, त्याला सरकारने नवीन ट्रेनिंग द्यायचं, दुसऱ्या गावी जायचं तर सामान हलवायचा खर्च द्यायचा, आणि चांगल्या चालणाऱ्या कंपनीत पोचवायचं. म्हणजे वाचवायचं माणसाला, कारखान्याला नाही. मुंबईत १९८२ च्या संपानंतर गिरणगावात काय झालं ते आपल्या घराघरात माहितीय, गिरण्या बंद पडल्या, जमिनीचे टॉवर झाले, आणि गिरणी कामगाराला दुसरं काम शिकवायला, दुसरीकडे उभं करायला कोणी यंत्रणा म्हणून नव्हतीच. ऑस्ट्रियातल्या लिंझ शहरात १९८७ मध्ये पोलादाच्या मोठ्या कारखान्यात अशीच कपात आली तेव्हा कंपनी, कामावरून निघणारे आणि कामावर राहिलेले अशा सगळ्यांनी मिळून एक फाउंडेशन काढलं. जे कामावर राहिले त्यांनी आपल्या पगारातला छोटासा हिस्सा दिला, सरकारने बेरोजगारी भत्त्याची मुदत वाढवून दिली, आणि निघालेल्यांना काही वर्षांपर्यंतचं पूर्ण शिक्षण घेता आलं. पुढे अर्थतज्ज्ञांनी तपासलं तर या लोकांचं काम आणि पगार दोन्ही त्यांच्यासारख्या इतरांपेक्षा बरे निघाले. ते फाउंडेशन अजून चालू आहे.

स्वीडनमध्येही ती विचारसरणी टिकून आहे. तिथे १९७४ पासून मालक आणि युनियन यांच्या करारातून चालणाऱ्या संस्था आहेत, पैसा कंपन्या पगाराच्या ठराविक टक्क्याने देतात, आणि खरी गंमत अशी की नोटीस हातात पडल्या पडल्या सल्लागार भेटायला लागतो, नोकरीचा शेवटचा दिवस उजाडायची वाट बघत नाहीत. याचं महत्त्व बाहेरून कळत नाही. माणूस कामावर असताना त्याचा आत्मविश्वास शाबूत असतो, सकाळी उठायची सवय असते, ओळखी ताज्या असतात, त्याच माणसाला सहा महिने घरी बसल्यावर भेटा, निम्मं काम आधी त्याला परत उभं करण्यात जातं. २०२२ पासून तर तिथे काम चालू असतानाच नवीन शिकायला जाता येतं, गेल्या १४ वर्षांतली ८ वर्षं काम केलेलं असेल तर ४४ आठवड्यांपर्यंत पूर्ण वेळ शिका आणि एका मर्यादेपर्यंत पगाराच्या ८० टक्के मिळवा. मला हे सगळ्यात जास्त आवडतं कारण यात नोकरी जायची वाटच बघावी लागत नाही.

डेन्मार्कचं नाव तुम्ही ऐकलं असेलच, सगळे त्यांचं उदाहरण देतात. तिथे कंपनीला माणूस काढणं तुलनेने सोपं, पण काढलेल्या माणसाला भत्ता चांगला, कमी पगारवाल्यांना तर आधीच्या पगाराच्या ९० टक्क्यांपर्यंत, वर मात्र कमाल मर्यादा असल्यामुळे चांगल्या पगारवाल्यांना टक्केवारीत बरंच कमी पडतं. विमा ऐच्छिक आहे, युनियनशी जोडलेल्या फंडातून चालतो. आणि तिसरा पाय म्हणजे सरकार तुमच्या मागे लागतं, सतत भेटी, कोर्स, कंपनीत काही आठवडे काम. १९९४ च्या सुधारणेपासून भत्त्याची मुदत ७ वर्षांवरून टप्प्याटप्प्याने कमी करत २०१० मध्ये २ वर्षांवर आणली. आपल्याकडचे लोक, आणि युरोपातलेही बरेच पुढारी, यातला फक्त पहिला पाय उचलतात, माणूस काढणं सोपं करा म्हणजे आपण डेन्मार्क. बाकीचे दोन पाय फार महाग आहेत. डेन्मार्क बरीच वर्षं फक्त या सक्रिय योजनांवर, म्हणजे भत्ता सोडून, जीडीपीच्या दीड ते दोन टक्क्यांच्या आसपास खर्च करत आलाय. आणि तिथले बहुसंख्य कामगार युनियनमध्ये आहेत म्हणून तो सौदा टिकतो.

याच डेन्मार्कने २००५-०६ मध्ये दोन भागांत एक प्रयोग केला होता, नव्याने बेरोजगार झालेल्यांपैकी काहींना चिठ्ठी टाकल्यासारखं निवडून त्यांना लवकर आणि सारख्या भेटी, नोकरी शोधायचा कोर्स, मग सक्तीचा कार्यक्रम असं दिलं आणि बाकीच्यांना नेहमीसारखं. निम्मे लोक कामाला लागायला नेहमीच्या गटात १४ आठवडे लागले, या गटात साडेअकरा. अभ्यासकांचं म्हणणं पडलं की यातला बराच फरक पुढे सक्तीचा कार्यक्रम येतोय या जाणिवेनेच पडला. म्हणजे धाकाने फरक पडतो हे खरंय, मी नाकारत नाही. पण हे लक्षात घ्या की ते नुकतीच नोकरी गेलेले लोक होते, डेन्मार्कमध्ये तेव्हा नोकऱ्या भरपूर होत्या, आणि धाकाबरोबर समोर बसून बोलणारा माणूसही होता. नुसता धाक वेगळा.

नुसता धाक काय करतो ते जर्मनीत आम्ही बघितलं. २००२ च्या फेब्रुवारीत इथे उघड झालं की सरकारी रोजगार खातं "इतक्या लोकांना नोकऱ्या लावल्या" म्हणून जे आकडे दाखवत होतं त्यातले बरेच खरेच नव्हते, ऑडिटवाल्यांनीच पकडलं. त्यावर चॅन्सेलर गेरहार्ड श्रोएडर यांनी फोक्सवॅगनचे पर्सोनेल प्रमुख पीटर हार्ट्झ यांच्या हाताखाली कमिशन नेमलं आणि २००३ ते २००५ मध्ये चार कायदे आले. यातलं काही चांगलं होतं. ट्रेनिंगचं व्हाउचर, म्हणजे कोर्सची फी सरकार भरेल अशी चिठ्ठी, आलं, खातं नव्याने बांधलं, बेरोजगाराला स्वतःचा छोटा धंदा काढायला पैसे मिळायला लागले आणि या धंद्याच्या योजनेचे निकाल पुढे खरंच चांगले निघाले, अनेक वर्षांनी बघितलं तरी त्यातले बहुतेक लोक धंद्यात नाहीतर नोकरीत होते. काही साफ फसलं, बेरोजगारांना सरकारी पैशाने तात्पुरत्या कामगार पुरवणाऱ्या एजन्सीत घ्यायचं ठरलं होतं, त्यातल्यांना काम उलट उशिरा मिळालं. पण लोकांच्या लक्षात राहिला तो चौथा कायदा, १ जानेवारी २००५ चा हार्ट्झ फोर. आधी विमा संपला तरी जुन्या पगाराच्या प्रमाणात मदत चालू राहायची, ती बंद, सगळ्यांना सरसकट रक्कम, तेव्हा महिन्याला पश्चिम जर्मनीत ३४५ युरो आणि पूर्वेत ३३१. पंचवीस वर्षं कारखान्यात घालवलेला माणूस एका वर्षात तिथे येऊन उभा राहिला जिथे कधीच काम न केलेला उभा होता, आणि वर अपॉइंटमेंट चुकली की कपात, दिलेलं काम नाकारलं की कपात, अगदी पूर्ण पैसे बंद होईपर्यंत.

२००५ च्या सुरुवातीला जर्मनीत बेरोजगार ५० लाखांच्या वर होते आणि तीनेक वर्षांत आकडा खूप खाली आला, म्हणून हार्ट्झ यशस्वी असं बरेच लोक म्हणतात. दुसरे म्हणतात की पगार आधीपासूनच दाबलेले होते, निर्यात वाढली, त्याने झालं. वाद अजून चालू आहे. मला माझ्या टेबलावरून जे दिसतं ते असं की धाकाने माणूस कुठेतरी जातो हे नक्की, पण कुठे जातो? कपातीच्या भीतीने जो गोदामात रात्रपाळीला लागला तो काही महिन्यांनी पाठ धरून परत आमच्या दारात असतो, आणि या वेळी त्याचा कोणावरच विश्वास नसतो. त्याला पुन्हा बोलतं करायला जो वेळ लागतो त्याचा हिशोब कुठल्याच तक्त्यात येत नाही. शेवटी ५ नोव्हेंबर २०१९ ला जर्मनीच्या घटनात्मक कोर्टाने सांगितलं की काम नाकारलं म्हणून ३० टक्क्यांच्या वर कपात या पद्धतीने करता येणार नाही, माणसाच्या किमान जगण्यावर घाला पडतो. २०२३ पासून नवीन कायदा आला, त्यात "आधी मिळेल ते काम, मग बाकीचं" हा नियम काढला आणि शिकायचं असेल तर शिकू द्या असं केलं, ट्रेड सर्टिफिकेटचं ट्रेनिंग घेणाऱ्याला महिन्याला १५० युरो जास्तीचे. २०२५ मध्ये आलेल्या सरकारने परत नियम कडक करायचं ठरवलंय. मला याचं वाईट वाटतं, कारण शिकायला बसलेली माणसं मधेच डळमळतात.

यूकेमध्ये तर (ईयूमध्ये नसलं तरी युरोपच) भत्ता कपातीचा मार्ग आणखी लांब नेला. तिथल्या विद्यापीठांनी मिळून २०१३ ते २०१८ मध्ये शेकडो लोकांना पुन्हा पुन्हा भेटून अभ्यास केला, निष्कर्ष असा की कपातीने लोक कामाकडे वळण्यापेक्षा कर्जात, आजारात आणि फूड बँकेच्या रांगेत जास्त वळले. शिवाय २०११ ते २०१७ त्यांनी खाजगी कंपन्यांना काम दिलं होतं, माणूस कामाला लावा आणि टिकवा, मग पैसे घ्या. ऐकायला किती छान. झालं काय, कंपन्यांनी जे तसेही लागणारच होते त्यांच्यावर मेहनत घेतली आणि आजारी, अवघड, वर्षानुवर्षं घरी असलेल्या लोकांना फाइलमध्ये ठेवून दिलं. मी स्वतः कंत्राटावर चालणाऱ्या संस्थेत असल्यामुळे सांगते, हे वाईट माणसांमुळे होत नाही, पैसे ज्या गोष्टीचे मिळतात तिकडे संस्था वळणारच, म्हणून कंत्राट लिहितानाच अवघड माणसासाठी जास्त पैसे आणि जास्त वेळ लिहायला लागतो.

मग चालतं काय? २०१८ मध्ये डेव्हिड कार्ड, योखेन क्लूवे आणि आंद्रेया वेबर यांनी जगभरातल्या २०० हून जास्त अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला, आमच्या क्षेत्रात तो सगळ्यांना पाठ असतो. थोडक्यात असं, की योजना संपल्यावर पहिल्या वर्षात बघाल तर सरासरी परिणाम जवळपास शून्य, दोन-तीन वर्षांनी बघाल तर ट्रेनिंगचा आणि खाजगी कंपनीत पगार-सबसिडीचा परिणाम चांगला, सरकारने नुसतं काहीतरी काम काढून दिलं त्याचा जवळजवळ काही नाही, कधीकधी उलटा. आणि बायकांना आणि दीर्घकाळ बेरोजगार असलेल्यांना फायदा जास्त. पहिल्या वर्षात परिणाम का दिसत नाही ते सोपं आहे, कोर्सला बसलेला माणूस तेवढा काळ नोकरी शोधत नाही. पण मंत्र्याला निकाल पुढच्या बजेटच्या आत हवा असतो, त्यामुळे दोन वर्षांचं नर्सिंग सहाय्यकाचं ट्रेनिंग महाग दिसतं आणि तीन आठवड्यांचा सीव्ही लिहायचा कोर्स स्वस्त. माझ्याकडच्या काही लोकांनी असा सीव्हीचा कोर्स चार-चारदा केलाय. सीव्ही एकदम उत्तम, हातात कसब काही नाही.

फ्रान्सचा एक प्रयोगही सांगायला हवा, कारण तो आमच्यासारख्यांना जमिनीवर ठेवतो. तिथे २३५ भागांत शिकलेल्या बेरोजगार तरुणांना नोकरी शोधायला खास मदत दिली, कुठे सगळ्यांना, कुठे निम्म्यांना, कुठे कोणालाच नाही. ज्यांना मदत मिळाली ते पुढे गेले, पण त्यातला काही फायदा मदत न मिळालेल्यांच्या नोकऱ्या हिरावून झाला, विशेषतः जिथे नोकऱ्याच कमी होत्या तिथे, आणि वर्षभरात तोही विरला. म्हणजे खुर्च्या दहाच असतील तर पंधरा माणसांना पळायला शिकवून पाच उभेच राहणार.

इटलीत हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. २०१९ मध्ये त्यांनी किमान उत्पन्नाची योजना काढली आणि लोकांना नोकरीपर्यंत नेण्यासाठी जवळजवळ ३ हजार शिकलेले तरुण "नाविगेटर" म्हणून तात्पुरत्या करारावर घेतले. योजनेचे बरेचसे लाभार्थी दक्षिणेत, जिथे नोकऱ्याच नाहीत, रोजगार केंद्रं कमकुवत, कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत नाहीत, आणि नाविगेटरांचा स्वतःचा करार २०२२ मध्ये संपला. २०२३ च्या शेवटी योजनाच गुंडाळली. तरुणांवर खापर फोडलं गेलं, पण त्यांच्या हातात काही दिलंच नव्हतं.

तरुणांचं वेगळं आहे. २०१३ मध्ये स्पेन आणि ग्रीसमध्ये काम शोधणाऱ्या तरुणांपैकी निम्म्याहून जास्त बेकार होते तेव्हा ईयूने युथ गॅरंटी आणली, २५ च्या आतल्या कोणालाही शाळा सुटल्यापासून किंवा नोकरी गेल्यापासून ४ महिन्यांच्या आत नोकरी, शिक्षण, अप्रेंटिसशिप किंवा ट्रेनीशिप यातली एक चांगली ऑफर मिळालीच पाहिजे, २०२० मध्ये वय ३० पर्यंत वाढवलं. फिनलंड आणि ऑस्ट्रियात आधीपासून असं होतं. ऑस्ट्रियात ते चांगलं चालतं कारण तिथे कंपनीत अप्रेंटिसची जागा मिळाली नाही तर सरकारी वर्कशॉपमध्ये मिळते. ज्या देशात कंपन्यांना शिकाऊ पोरं घ्यायची सवयच नाही तिथे ४ महिन्यांत ऑफर म्हणजे बरेचदा अजून एक इंटर्नशिप.

आता माझ्या मनातली गोष्ट, दीर्घकाळ बेरोजगार असलेले लोक. व्हिएन्नाजवळ मारिएनटाल म्हणून वस्ती आहे, १९३० च्या सुमाराला तिथली कापड गिरणी बंद पडली आणि जवळपास सगळं गाव बेकार झालं. तेव्हाच्या संशोधकांनी तिथे जाऊन बघितलं तर लोकांकडे वेळच वेळ होता तरी लायब्ररीतून पुस्तकं नेणं कमी झालं होतं, पुरुष रस्त्याने हळू चालायला लागले होते. त्याच गावात ऑक्टोबर २०२० मध्ये ऑस्ट्रियाच्या रोजगार खात्याने रोजगाराची हमी देऊन बघितली, वर्षभराहून जास्त बेकार असलेल्या प्रत्येकाला ८ आठवड्यांची तयारी आणि मग त्या त्या क्षेत्राच्या करारातला पूर्ण पगार, सक्ती अजिबात नाही. कोणी सुतारकाम, कोणी बागा, कोणी जुनं फर्निचर दुरुस्त करणं, ज्याच्या तब्येतीला जे झेपेल ते. ऑक्सफर्डच्या अर्थतज्ज्ञांनी तपासलं, गावातली दीर्घ बेरोजगारी जवळजवळ संपली आणि लोकांची मनःस्थिती, ओळखीपाळखी, दिवसाची घडी सगळं सुधारलं. फ्रान्सने २०१६ च्या कायद्याने १० भागांत असंच सुरू केलं, पुढे आणखी भाग जोडले, तिथल्या लोकांचा पाया असा की कोणीही कामाला नालायक नसतो, काम कधी कमी नसतं. खर्च मात्र वाचलेल्या भत्त्यातून पूर्ण भागत नाही असं सरकारी तपासणीत निघालं, हे लपवायचं कारण नाही.

आपल्याला ही कल्पना नवी नाही. वि. स. पागे यांची रोजगार हमी, १९७२ चा दुष्काळ, १९७७ चा कायदा, आणि त्यासाठी शहरातल्या नोकरदारांकडून व्यवसाय कर, मी इथल्या सहकाऱ्यांना सांगते तेव्हा ते थक्क होतात. पण रोहयो होती शेतात काम नसताना हाताला काम द्यायला, एकसारखं अंगमेहनतीचं. मारिएनटालला काम माणूस बघून बेतलं होतं. उलट हंगेरीने २०११ नंतर किमान वेतनाहून कमी पगारात सक्तीची सार्वजनिक कामं काढली, भत्ता ३ महिन्यांवर आणला, कधीकाळी २ लाखांहून जास्त लोक त्यात होते, आणि त्यातून खुल्या बाजारात जाणारे फार थोडे. गावात मेयर ठरवणार कोणाला काम द्यायचं, म्हणजे गरीब माणूस मेयरचा मिंधा.

जर्मनीत २०१९ पासून एक कलम आहे ज्यात ७ पैकी ६ वर्षं सरकारी आधारावर असलेल्या माणसाला कोणी मालक नोकरी देत असेल तर पहिली २ वर्षं किमान वेतनाच्या हिशोबाने पगाराचा पूर्ण खर्च सरकार देतं, मग दरवर्षी १० टक्के कमी करत पाचव्या वर्षी ७० टक्के. पण याचा जीव सबसिडीत नाही, बरोबर येणाऱ्या कोचमध्ये आहे. मी हे काम केलंय. नोकरी लागल्यावर पहिल्या काही महिन्यांत फोन येतात ते कामाबद्दल नसतातच. कर्जवाल्याने बँक खातं गोठवलंय, मुलीच्या पाळणाघराची वेळ आणि बसची वेळ जुळत नाही, सुपरवायझर ओरडला म्हणून उद्या जाणार नाही म्हणतोय. त्या दिवशी कोणीतरी जाऊन दोघांशी बोललं तर नोकरी टिकते, नाहीतर सहा वर्षांनी उभा राहिलेला माणूस एका दुपारीत परत घरी. नवीन माणूस आला की मी आधी काय येतं ते विचारत नाही, सकाळी मुलांना शाळेत कोण सोडतं ते विचारते. आणि बजेट कापायची वेळ आली की हेच पैसे आधी जातात.

समोर बसणाऱ्या माणसाला वेळ असणं हे मी भावनेने म्हणत नाहीये. २००७ मध्ये जर्मनीच्या १४ रोजगार कार्यालयांत जास्तीचे सल्लागार घेतले, म्हणजे प्रत्येकाकडे कमी केसेस. तिथे बेरोजगारीचा काळ कमी झाला, आणि वाचलेल्या भत्त्यातून त्या सल्लागारांच्या पगाराचा खर्च साधारण दहा महिन्यांत निघाला. याच्या उलटं ऑस्ट्रियात कॉम्प्युटरने बेरोजगारांचे तीन गट पाडायचं ठरलं होतं, मदत मुख्यतः मधल्या गटाला, आणि त्या हिशोबात बाई असली की गुण कमी, घरी कोणाची काळजी घ्यायची असली की आणखी कमी. २०२० मध्ये डेटा संरक्षणवाल्यांनी ते थांबवलं. बाईला पाळणाघर हवं असतं, तिला गुण कशाला लावता?

तर सगळ्यात भारी कोण? नुकतीच नोकरी गेली असेल तर स्वीडन नाहीतर डेन्मार्क, १६ वर्षांचं पोरगं असेल तर ऑस्ट्रिया, मंदीत नोकरी जाऊच नये यासाठी जर्मनीचं कुर्त्सआर्बाइट, तास कमी करायचे आणि बुडालेल्या पगाराचा ६० ते ६७ टक्के भाग सरकारने द्यायचा, एप्रिल २०२० मध्ये ६० लाखांच्या आसपास लोक त्यावर होते आणि त्यांची नोकरी शाबूत राहिली. दहा वर्षं घरी बसलेल्या माणसासाठी मात्र कुठल्याच देशाने अजून नीट, कायमचं उत्तर उभं केलेलं नाही, चांगले प्रयोग आहेत तेवढेच.

आता भावाचं. त्याला म्हणावं कंपनीने "आपण समजुतीने वेगळे होऊ" असा करार पुढे केला तर त्याच दिवशी सही करू नको, कारण स्वतः राजीनामा दिला किंवा सबळ कारणाशिवाय असा करार केला तर भत्ता १२ आठवडे अडकतो. नोटीस मिळाली की ती कोर्टात आव्हानायला फक्त ३ आठवडे असतात, तेवढ्यात कामगार कायद्याच्या वकिलाला कागद दाखव. रोजगार कार्यालयाला नोकरी संपायच्या ३ महिने आधी कळवायचं, आणि कळलंच उशिरा तर कळल्यापासून ३ दिवसांत, ऑनलाइन होतं, नाहीतर एक आठवड्याचा भत्ता जातो. आणि नोकरी संपल्याच्या पहिल्या दिवशी बेरोजगार म्हणून परत वेगळी नोंद, हे दोन वेगळे सोपस्कार आहेत, आपले लोक इथेच चुकतात. भत्ता मिळायला गेल्या ३० महिन्यांत १२ महिने हप्ता भरलेला हवा, १२ भरले तर ६ महिने मिळतो, २४ भरले तर पूर्ण १ वर्ष. कामाशी जोडलेला व्हिसा असेल तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला २ आठवड्यांत कळवायला लागतं. व्हिसा त्या दिवशी आपोआप संपत नाही, ते कार्यालय मुदत कमी करू शकतं, ब्लू कार्ड, म्हणजे शिकलेल्या परदेशी लोकांना मिळणारा कामाचा परवाना, २ वर्षांहून कमी काळ असेल तर युरोपियन नियमात ३ महिने धरलेत आणि जास्त असेल तर ६. विम्याचा भत्ता घेतला म्हणून व्हिसाला धोका नाही, तो हक्काचा आहे, संकोच करू नये. आणि पहिल्याच अपॉइंटमेंटला स्वतःहून ट्रेनिंग व्हाउचर आणि बी२ पर्यंतच्या, म्हणजे कामावर नीट बोलता येईल अशा पातळीच्या, जर्मनच्या कोर्सबद्दल विचार म्हणावं, कारण म्युनिकमध्येही इंग्रजीवर चालणाऱ्या जागांसाठी गर्दी आहे, आणि जर्मन येणाऱ्या इंजिनिअरला छोट्या गावातल्या मशीन बनवणाऱ्या कंपन्यांची दारं उघडी असतात.